चौधरी चरणसिंह : बांधाच्या अलीकडची मते

उत्तर भारतातील मध्यम शेतकऱ्याला स्वतंत्र राजकीय शक्तीचे रूप देण्याचे श्रेय प्रामुख्याने चौधरी चरणसिंह यांच्याकडे जाते. मात्र, ज्या भूधारणेने त्यांना मते दिली, तिनेच त्यांच्या राजकारणाची मर्यादाही आखून दिली.

२३ डिसेंबर १९०२ रोजी तत्कालीन मीरत जिल्ह्यातील नूरपूर येथे एका कुळाच्या घरात त्यांचा जन्म झाला. गाझियाबादेत वकिली करून ते काँग्रेसमध्ये आले आणि १९३७ मध्ये संयुक्त प्रांताच्या विधानसभेवर निवडून गेले. उत्तर प्रदेशच्या जमीनदारी निर्मूलन कायद्यामागे (१९५१) त्यांचे परिश्रम होते. या कायद्याने कसणारी कुळे जमीनदाराच्या जोखडातून सुटली आणि खंडाच्या दहापट रक्कम भरणाऱ्यांना पूर्ण मालकी हक्क मिळाला. कूळहक्कच नसलेला शेतमजूर, जो बहुतांशी दलित होता, तो मात्र होता तेथेच राहिला.

१९५९ च्या नागपूर अधिवेशनात त्यांनी नेहरूपुरस्कृत सहकारी शेतीला उघड विरोध केला. १९६७ मध्ये काँग्रेस सोडून ते उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री झाले. १९६९ च्या मध्यावधी निवडणुकीत त्यांच्या भारतीय क्रांती दलाने ९८ जागा जिंकल्या. जाट, अहिर, गुज्जर अशा कसणाऱ्या जातींना हितसंबंधांच्या धाग्याने बांधण्याचा तो प्रयत्न होता. शेतमजूर त्या आघाडीच्या बाहेरच राहिला. मालक आणि मजूर यांचे मजुरीवरून हितविरोध होते.

१९७९ मध्ये अर्थमंत्री म्हणून त्यांनी शेतकऱ्यांना सवलती देणारा अर्थसंकल्प मांडला आणि जुलैत ते पंतप्रधान झाले. काँग्रेसने पाठिंबा काढून घेतल्याने लोकसभेला सामोरे न जाताच त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षी दुष्काळ पडला, महागाई भडकली. जानेवारी १९८० च्या निवडणुकीत कांद्याचा भाव प्रचाराचा विषय झाला. धान्य विकत घेऊन खाणारा शहरी ग्राहक आणि मजूर यांच्यापाशी शेतमालाच्या भावाचे राजकारण पोहोचणे अवघडच होते. इंदिरा गांधींच्या काँग्रेसला ३५३, तर त्यांच्या पक्षाला ४१ जागा मिळाल्या.

२९ मे १९८७ रोजी त्यांचे निधन झाले. २०१३ च्या मुझफ्फरनगर दंगलीनंतर जाट आणि मुस्लिम शेतकऱ्यांची एकजूटही तुटली आणि २०१४ मध्ये त्यांचे पुत्र अजितसिंह बागपतमध्ये पराभूत झाले. २०२४ मध्ये चरणसिंहांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. भूमिहीनाला सोबत घेण्याचा प्रश्न मात्र त्यांच्या वारसांपुढे तसाच उरला.