कव्हरवाले दलाल

गोवा आणि कार्टून म्हटलं की आपल्या कॉलेजात लगेच मारिओ मिरांडाचं नाव निघतं. त्याच्या दहा वर्षं आधी, ३० मे १९१६ ला मडगावात दीनानाथ दलाल जन्मले, हे मात्र होस्टेलवर दोघा-तिघांनाच ठाऊक असेल. (मीही कॉन्व्हेंटवालीच. माझं मराठी वाचन अकरावीनंतरचं!)

गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे. चित्रकला शिकायची तर मुंबई गाठणं आलंच. १९३७ ला जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा डिप्लोमा, थोडी नोकरी, मग स्वतःचा स्टुडिओ. १९४५ साली त्यांनी 'दीपावली' हा अंक सुरू केला. चित्रकारच संपादक! त्यामुळे त्यात कथा-कवितांइतकाच मान चित्रांना. एका पानावर नाजूक नायिका रंगवणारा हा माणूस दुसऱ्या पानावर व्यंगचित्रातून माणसांची मस्त खिल्ली उडवायचा.

मला आवडतो तो यातला टेक्निकल भाग. तेव्हा कोरल ड्रॉ नव्हतं की कंट्रोल-झेड नव्हतं. छपाई धातूच्या ब्लॉकवर, आणि प्रत्येक रंगाचा ब्लॉक वेगळा. म्हणजे रंग वाढला की प्रकाशकाचा खर्च वाढला. म्हणून कव्हर करणाऱ्याला आधीच हिशोब करावा लागायचा. पिवळ्यावर निळा चढवला की हिरवा फुकटात, आणि कागद कोरा सोडला की पांढरा फुकटात. हे ऑप्टिमायझेशन नाही तर काय?

शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' (१९६७, आपल्या पुण्याचंच कॉन्टिनेन्टल प्रकाशन) घरोघरी असते. तिचं कव्हर दलालांचं. पुस्तक न वाचलेल्यांनाही ते आठवतं.

तरी काही जण त्यांना नुसते 'कमर्शियल आर्टिस्ट' म्हणून बाजूला सारतात. मला हे अजिबात पटत नाही. ऑर्डर, डेडलाइन, बजेट तर पूल बांधणाऱ्यालाही असतं, म्हणून पूल हलका ठरतो का? ज्यांनी आर्ट गॅलरीची पायरी कधी चढली नाही, त्यांच्या घरात चित्रं पोचली ती अशा कव्हरांवरून आणि दिवाळी अंकांतूनच.

१५ जानेवारी १९७१ ला दलाल गेले. वय फक्त ५४. 'दीपावली' त्यांच्यामागेही निघत राहिला. जुन्या पुस्तकांच्या ढिगात एखादा अंक हाती लागलाच, तर चित्राच्या कोपऱ्यात 'दलाल' ही सही शोधा. मला मिळालेल्या अंकातली दोन रंगीत पानं कुणीतरी ब्लेडने अगदी सरळ कापून नेलीत. भिंतीवर लावायलाच नेली असणार.