क्रिस्तियान हायगेन्स

क्रिस्तियान हायगेन्स (१४ एप्रिल, १६२९:हेग – ८ जुलै, १६९५:हेग) हे डच गणितज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ व खगोलशास्त्रज्ञ होते. लंबकाचे घड्याळ आणि प्रकाशाचा तरंग सिद्धान्त यांमुळे ते प्रसिद्ध आहेत. परग्रहांवरील द्रवांविषयीचा त्यांचा तर्क त्यामानाने कमी परिचित आहे.

जीवन

वडील कॉन्स्टंटाइन हे कवी व ऑरेंज घराण्याचे सचिव होते. क्रिस्तियान यांनी लायडन येथे कायदा व गणिताचे शिक्षण घेतले. थोरल्या भावासह ते स्वतः भिंगे घासून दुर्बिणी बनवीत. अशाच एका दुर्बिणीतून २५ मार्च, १६५५ रोजी त्यांना शनीचा सर्वांत मोठा उपग्रह दिसला. त्यास टायटन हे नाव १८४७ मध्ये जॉन हर्शेल यांनी दिले. १६६६ पासून हायगेन्स पॅरिसच्या विज्ञान अकादमीत होते. आजारपणामुळे १६८१ मध्ये ते हेगला परतले.

परग्रहांवरील द्रव

'कॉस्मोथिओरोस' हा त्यांचा ग्रंथ मृत्यूनंतर १६९८ मध्ये प्रसिद्ध झाला. पृथ्वीवरील पाणी गुरू किंवा शनीवर नेल्यास ते तत्काळ गोठेल. म्हणून प्रत्येक ग्रहावरील द्रव तेथील उष्णतेस अनुरूप असला पाहिजे, असे त्यांनी त्यात मांडले. चंद्रावरील तथाकथित समुद्र मात्र त्यांनी नाकारले, कारण त्या काळसर भागांत त्यांना दुर्बिणीतून लहान गोल खळगे दिसले होते. याच ग्रंथात परग्रहवासीयांच्या भूमितीची व संगीताचीही चर्चा आहे. ती निव्वळ कल्पना होय. द्रवांचा तर्क तसा नव्हता.

टायटनवरील पडताळा

टायटनच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे उणे १८० अंश सेल्सियस आहे. तेथे पाणी खडकासारखे कठीण असते आणि मिथेन द्रवरूपात राहतो. हायगेन्स यांचेच नाव दिलेले यान १४ जानेवारी, २००५ रोजी तेथे उतरले. उतरताना घेतलेल्या छायाचित्रांत फांद्यांसारखे प्रवाहमार्ग दिसले, तर उतरल्या जागी गोलसर गोटे आढळले. काशीदसारख्या कोकण किनाऱ्यावरील ओढ्यांत पाण्याने घासलेले बेसाल्टचे गोटे असतात. टायटनवरील गोटे बर्फाचे असून मिथेनच्या प्रवाहाने झिजलेले मानले जातात. पुढे कॅसिनी यानाच्या रडारने उत्तर ध्रुवाजवळील समुद्र टिपले. त्यांपैकी लायजिया मारे या समुद्रास मिळणारी विद फ्लुमिना ही नदी ४०० किलोमीटरांहून अधिक लांब असून तिच्या काही घळी ५०० मीटरांपेक्षा खोल आहेत.