डॉ. चार्ल्स डोनोवन

हिवताप आणि काळा आजार या दोन रोगांत बाहेरून पुष्कळ साम्य आहे. दोन्हींत ताप येतो, प्लीहा म्हणजेच पाणथरी वाढते आणि रोगी अशक्त होतो. त्यामुळे पूर्वी काळ्या आजाराच्या अनेक रोग्यांना हिवताप झाला आहे असे समजून क्विनीन दिले जाई. त्याचा गुण येत नसे आणि बहुतेक रोगी दगावत. या रोगाची खरी ओळख पटविणाऱ्या संशोधकांत मद्रासचे, म्हणजे आजच्या चेन्नईचे, डॉ. चार्ल्स डोनोवन यांचे स्थान मोठे आहे.

डोनोवन यांचा जन्म १८६३ साली कलकत्त्यात एका आयरिश कुटुंबात झाला. आयर्लंडमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन १८९१ मध्ये ते भारतीय वैद्यकीय सेवेत दाखल झाले. १८९८ पासून ते मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन करू लागले.

१९०३ च्या एप्रिल महिन्यात, तापाने मरण पावलेल्या रोग्यांच्या प्लीहेची तपासणी करताना त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली काही बारीक, अंडाकृती पिंड दिसले. हिवतापाच्या जंतूंशी त्यांचे साम्य नव्हते. मात्र हे पिंड मृत्यूनंतर शरीर कुजल्यामुळे तर निर्माण झाले नसतील ना, ही शंका उरत होती. तिचे निरसन करण्यासाठी १७ जून १९०३ रोजी त्यांनी एका जिवंत रोगी मुलाच्या प्लीहेतील रक्त सुईने काढून तपासले. त्यातही तेच पिंड आढळले. शंका फिटली. हा हिवतापाहून वेगळाच रोग आहे, हे स्पष्ट झाले.

इंग्लंडमध्ये डॉ. विल्यम लीशमन यांनाही असेच पिंड दिसले होते व मे १९०३ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले होते. साहजिकच शोधाचे श्रेय कोणाचे, हा प्रश्न उभा राहिला. सर रोनाल्ड रॉस यांनी त्या जंतूला 'लीशमानिया डोनोवनी' असे नाव देऊन दोघांचाही सन्मान केला.

१९०५ मध्ये डोनोवन यांनी आणखी एक शोध लावला. जननेंद्रियांवर चिघळत जाणाऱ्या एका प्रकारच्या व्रणांतील पेशींत त्यांना विशिष्ट सूक्ष्म पिंड आढळले. लाजेपोटी लपविल्या जाणाऱ्या या रोगाचे निश्चित निदान त्यामुळे शक्य झाले. हे पिंड म्हणजे एक प्रकारचे जीवाणू आहेत, हे पुढे सिद्ध झाले. तरीही वैद्यकशास्त्रात ते 'डोनोवन पिंड' याच नावाने ओळखले जातात.

फुलपाखरांचा अभ्यास हा डोनोवन यांचा आवडता छंद होता. १९१९ मध्ये सेवानिवृत्त होऊन ते इंग्लंडला गेले. १९५१ साली त्यांचे निधन झाले. कलकत्त्याचे डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी काळ्या आजारावर प्रभावी औषध तयार केले आणि असंख्य रोग्यांचे प्राण वाचले. त्या उपचाराचा मार्ग रोगाच्या अचूक ओळखीमुळेच मोकळा झाला होता.