ताराबाई मोडक : अंगणापर्यंत गेलेली शाळा

ताराबाई मोडक यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते. उमाबाई या विधवेशी विवाह करून त्यांनी आपली सुधारकी मते आचरणात आणली होती. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीच्या मोडकांशी झालेला त्यांचा विवाह टिकला नाही. १९२१ मध्ये पतीपासून विभक्त झाल्यावर, पदरी लहान मुलगी असताना, त्यांनी राजकोटच्या बार्टन अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. पद मानाचे होते. तरीही १९२३ मध्ये ते सोडून त्यांनी भावनगरची वाट धरली.

भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत वकिली सोडून आलेले गिजुभाई बधेका १९२० पासून बालमंदिर चालवीत होते. तेथे छडी नव्हती, घोकंपट्टी नव्हती. मुले साधने हाताळीत, रचीत, मोडीत, पुन्हा रचीत. गोष्टी ऐकत आणि नाटके करीत. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीला गिजुभाईंनी दिलेले हे देशी रूप ताराबाईंनी आत्मसात केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. 'शिक्षणपत्रिके'तून हा विचार आधी गुजराती व नंतर मराठी पालकांपर्यंत पोहोचला. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले.

या यशातच एक विसंगती दडलेली होती. माँटेसरींचे पहिले बालगृह १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब कष्टकऱ्यांच्या वस्तीत उघडले गेले होते. भारतात मात्र ही पद्धत प्रामुख्याने शहरांतील सुस्थित घरांच्या वाट्यास आली. अचूक मापाची तिची साधने महाग पडत. गरिबाच्या मुलासाठी जन्मलेली शाळा गरिबाच्याच मुलाला दुर्लभ झाली होती. ताराबाईंच्या उत्तरायुष्यातील कार्य हे या विसंगतीला दिलेले उत्तर होय.

डिसेंबर १९४५ मध्ये, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, त्यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतील मुले तिच्याकडे फिरकेनात. तेव्हा मुलांनी शाळेत यावे हा आग्रह सोडून ताराबाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडीचा उगम हा असा झाला.

साधनांचाही प्रश्न त्यांनी त्याच रीतीने सोडविला. शिंपले, खडे, बिया, पाने, काटक्या आणि माती हे साहित्य त्यांनी वर्गात आणले. लहानमोठे ओळखणे, रंगांप्रमाणे निवड करणे, मोजणे, आकृती मांडणे ही सर्व कामे त्यावर होऊ शकत. त्यात काही गमावलेही होते. माँटेसरींच्या खाचांत चुकीचा दांडा बसत नाही. मुलाची चूक साधनच दाखवून देते. शिंपल्यांच्या राशीत ही सोय नसते, म्हणून शिक्षिकेची नजर अधिक जागी असावी लागते. साधन स्वस्त झाले, पण शिक्षिकेचे काम अधिक कठीण झाले. ताराबाईंनी प्रशिक्षणावर दिलेला भर या दृष्टीने समजून घेतला पाहिजे.

१९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या सान्निध्यात स्थिरावले. तेथील मुले दिवसभर गुरे राखीत. म्हणून शाळा कुरणात गेली आणि कुरणशाळा निर्माण झाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांना एकत्र गुंफणारी विकासवाडी हीही त्यांचीच कल्पना. थोरली बहीण धाकट्या भावंडाला सोडून शाळेत येऊ शकत नाही, हे साधे निरीक्षण तिच्या मुळाशी होते. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना आरंभिली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज छत्तीसगडमधील रायपूरजवळच्या अभनपूर परिसरातही हा शब्द घरोघरी ठाऊक आहे. बोर्डीचे नाव तेथे क्वचितच कोणी ऐकले असेल. नाव दूरवर पोहोचले, हे ताराबाईंचे यश खरेच. परंतु अंगणवाडीत आलेल्या मुलाच्या हाती पोषणाच्या घासाबरोबर मूठभर बिया, खडे आणि ओली मातीही पडते काय, यावरच त्यांच्या वारशाची खरी पारख व्हावयाची आहे.