दादासाहेबांचे डोळे आणि फिल्मचे आयुष्य

धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे त्यांचे शिक्षण झाले. गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ काढला. पण प्लेगने पत्नी व मूल हिरावले आणि ते गाव सुटले. पुढे त्यांनी पुरातत्त्व खात्यात नोकरी आणि नंतर छपाईचा व्यवसाय केला.

१९११ च्या सुमारास ख्रिस्तचरित्रावरचा मूकपट पाहून त्यांना चित्रपटाचा ध्यास लागला. रोज कित्येक तास चित्रपट पाहायचे, उरलेला वेळ वाचन आणि प्रयोगांत घालवायचा, झोप जेमतेम. अशातच त्यांची दृष्टी गेली. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी व चष्म्यांच्या मदतीने ती परत आली.

१९१२ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी कॅमेरा आणला. भांडवलासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून रोज थोडे थोडे चित्रण केले आणि रोप वाढताना पडद्यावर दाखवले. यात फिल्मचीही परीक्षा होती. प्रकाश पडला की फिल्मवरच्या चांदीच्या क्षारांत अदृश्य प्रतिमा उमटते. धुलाईच्या रसायनांत ती दिसू लागते. तोवर उष्णता व दमट हवा तिला पुसट करतात. कोरी फिल्मही अशीच म्हातारी होते. उजेड न लागताही तिचे कण काळे पडतात, संवेदनशीलता घटते आणि चित्रावर धुरकट थर येतो. म्हणूनच एक्स-रे फिल्मच्या खोक्यावरही मुदत छापलेली असते. मुदत संपलेल्या फिल्मवरची धूसर सावली फुफ्फुसाचा आजार म्हणून वाचली जाऊ शकते किंवा खरा डाग लपवू शकते.

फाळके यांच्या घरी फिल्मला छिद्रे पाडण्यापासून धुलाईपर्यंतची कामे पत्नी सरस्वतीबाईंनी शिकून घेतली. दागिनेही त्यांनीच दिले. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित झाला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला फाळके यांचे निधन झाले. नायट्रेटची फिल्म कुजते आणि झटकन पेट घेते. त्यांचे बहुतेक चित्रपट आज उरलेले नाहीत.

फिल्म जपायला थंड, कोरडी जागा लागते. डोळ्यांना झोप आणि विश्रांती. पडद्याकडे टक लावली की पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी थोडा वेळ दूर पाहावे. दृष्टी अचानक कमी झाली, तर मात्र थकवा समजून थांबू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. फाळके यांची नजर परतली, कारण उपचार झाले.