ग्रंथवेडा धनपतराय

काशीजवळ लमही नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथे ३१ जुलै १८८० रोजी एका गरीब कायस्थ कुटुंबात धनपतराय ह्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील अजायबलाल हे टपालखात्यात कारकून होते. पगार तुटपुंजा, घरात खाणारी माणसे अनेक आणि बदल्या वारंवार, अशी त्या घराची स्थिती होती. हाच धनपतराय पुढे प्रेमचंद ह्या नावाने हिंदी व उर्दू कथासाहित्याचा मुकुटमणी ठरला.

धनपत सात-आठ वर्षांचा असतानाच त्याच्या आईने इहलोकीची यात्रा संपविली. वडिलांनी दुसरा विवाह केला. परंतु त्या पोरक्या मुलाच्या मनातील पोकळी काही भरून निघाली नाही. त्या काळच्या रीतीप्रमाणे तो एका मौलवींकडे उर्दू व फारसी शिकू लागला होता. पुढे वडिलांची बदली गोरखपूरला झाली आणि धनपत तेथील शाळेत जाऊ लागला. येथेच, वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास, त्याला ग्रंथांचा खरा सहवास घडला.

शाळेतील एका मित्राच्या वडिलांचे तंबाखूचे दुकान होते. सायंकाळी तेथे मंडळी हुक्का ओढीत बसत आणि ‘तिलिस्मे होशरुबा’ ह्या प्रचंड ग्रंथाचे वाचन चाले. जादूचे महाल, मायावी राजे, वेषांतर करणारे चतुर हेर अशा अद्भुत गोष्टींनी त्याची हजारो पृष्ठे भरलेली आहेत. धनपत एका कोपऱ्यात बसून त्या कथा कानांत प्राण आणून ऐके. घरातील उदासवाणे वातावरण त्या घटकेपुरते तो पार विसरून जाई.

ऐकून त्याची तहान भागेना. गावात बुद्धिलाल नावाचे एक पुस्तकविक्रेते होते. त्यांच्या दुकानात बसून धनपत कादंबऱ्या वाचू लागला. परंतु दिवसभर दुकानात कसे बसावे? आणि विकत घेण्यास पैसा कोठून आणावा? अखेर त्याने एक युक्ती योजिली. शालेय पुस्तकांवरील टिपणांच्या व उत्तरांच्या पुस्तिका त्याने दुकानातून घ्याव्या, त्या शाळेतील मुलांस विकाव्या आणि त्या श्रमाच्या मोबदल्यात कादंबऱ्या घरी नेऊन वाचाव्या! अशा रीतीने दोन-तीन वर्षांत त्याने शेकडो पुस्तके वाचून काढली. रतननाथ सरशार, अब्दुल हलीम शरर, मिर्झा रुसवा हे उर्दू लेखक त्याचे सोबती झाले. रेनॉल्ड्स ह्या इंग्रज लेखकाच्या कादंबऱ्यांची भाषांतरेही त्याच्या तावडीतून सुटली नाहीत. कादंबऱ्या सरल्या, तेव्हा त्याने पुराणांची उर्दू भाषांतरे हाती घेतली.

त्याच्या नात्यातील एक मामा ह्या वाचनावरून त्याला नेहमी टाकून बोलत. एकदा गावात त्या मामांचीच मोठी फजिती झाली. धनपतला विषय मिळाला! त्याने त्या प्रसंगावर एक विनोदी नाटक लिहिले आणि ते मामांच्या उशाशी ठेवून तो शाळेत गेला. परत येऊन पाहतो, तो मामाही नाहीत आणि नाटकही नाही! त्याची पहिली रचना अशी नाहीशी झाली. परंतु लेखणीत केवढे सामर्थ्य असते, हे त्या मुलाला त्या दिवशी उमगले.

हे सुखाचे दिवस फार काळ टिकले नाहीत. पंधराव्या वर्षी त्याचा विवाह झाला आणि थोड्याच काळात वडील वारले. कुटुंबाचा भार त्याच्या कोवळ्या खांद्यांवर पडला. काशीच्या शाळेतून सुटल्यावर तो शिकवणी करी, पाच मैल चालून घरी जाई आणि रात्री मिणमिणत्या दिव्यापाशी अभ्यासास बसे. मॅट्रिकची परीक्षा तो उत्तीर्ण झाला. परंतु गणित कच्चे असल्यामुळे कॉलेजचे दार त्याला बंद झाले.

हिवाळ्यातील एके दिवशी तर त्याच्याजवळ पैही उरली नाही. तेव्हा दोन रुपयांस घेतलेले अंकगणिताचे उत्तरांचे पुस्तक तो एका दुकानात विकावयास गेला. एका रुपयास सौदा ठरला. तेथेच बसलेल्या एका सद्गृहस्थांनी त्याची विचारपूस केली. ते एका लहान शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांनी धनपतला दरमहा अठरा रुपये वेतनावर शिक्षकाची जागा देऊ केली. ज्या मुलाला पुस्तकांच्या दुकानाने वाचनाचे वेड लावले, त्याला पोटाची भाकरीही पुस्तकांच्या दुकानातच मिळाली!

नोकरी करीत असतानाच धनपतराय ‘नवाबराय’ ह्या नावाने उर्दूत लिहू लागले. १९०८ साली त्यांचा ‘सोजे वतन’ हा देशभक्तिपर कथांचा संग्रह प्रसिद्ध झाला. सरकारचा रोष ओढवला. कलेक्टरांनी त्यांना बोलावून जाब विचारला आणि पुस्तकाच्या उरलेल्या प्रती ताब्यात घेऊन जाळून टाकल्या. पुढे लिहावयाचे ते परवानगीने, अशी ताकीद मिळाली. सरकारी नोकरी गेली असती, तर कुटुंब उघड्यावर पडले असते; आणि लेखणी खाली ठेवावी, तर जगण्यात राम उरला नसता. अशा पेचात ‘जमाना’ मासिकाचे संपादक दयानारायण निगम ह्यांनी नवे नाव सुचविले. नवाबराय लुप्त झाले आणि १९१० साली प्रेमचंद उदयास आले. पुस्तके जळाली, लेखक जळाला नाही.

१९२१ साली गांधीजींच्या असहकाराच्या हाकेस ओ देऊन प्रेमचंदांनी सुमारे वीस वर्षांची सरकारी नोकरी सोडली. १९३० साली त्यांनी ‘हंस’ हे मासिक सुरू केले. सुमारे तीनशे कथा आणि ‘सेवासदन’, ‘रंगभूमि’, ‘गोदान’ यांसारख्या कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. ‘गोदान’ १९३६ साली प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले.

मौज अशी की, ज्या ग्रंथांनी त्यांना लेखक बनविले, त्यांतील जादूचे महाल प्रेमचंदांच्या साहित्यात दिसत नाहीत. तेथे दिसतो कर्जाखाली पिचलेला शेतकरी होरी आणि जत्रेत मिठाई न घेता म्हाताऱ्या आजीसाठी चिमटा घेणारा लहानगा हमीद. वाचकाला गोष्टीत कसे गुंगवून ठेवावे, हे ते त्या अद्भुत कथांपासून शिकले. काय सांगावे, हे त्यांना लमहीच्या शेतांनी आणि स्वतःच्या दारिद्र्याने शिकविले. त्यांनी बालपणी पुस्तकांकडून जे घेतले, ते अनेक पटींनी वाढवून पुढच्या पिढ्यांतील वाचकांच्या हाती दिले.