पालवणकर बाळू

पुण्यात इंग्रजांचा एक क्रिकेट क्लब होता. तेथे एक मुलगा खेळपट्टीवर रोलर फिरवी, जाळ्या बांधी आणि सरावाच्या वेळी साहेबांना चेंडू टाकी. त्याला महिना चार रुपये पगार होता. या डावखुऱ्या मुलाचे नाव पालवणकर बाळू.

बाळूंचा जन्म 1876 साली धारवाडला झाला. वडील लष्करात नोकरीला होते. क्लबातील ग्रेग नावाचे नामांकित फलंदाज बाळूंच्या गोलंदाजीवर तासन्‌तास सराव करत. बाळूंच्या हाती बॅट मात्र कोणी देत नसे.

पुण्याच्या हिंदू संघाला अशा गोलंदाजाची गरज होती, पण बाळू चर्मकार समाजाचे. त्यांना घ्यावे की नाही यावर वाद झाला. शेवटी घेतले. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, मातीच्या पेल्यात चहा मिळे. जेवणाचे पानही वेगळे असे. तरीही ते खेळत राहिले आणि बळी घेत राहिले.

पुढे ते मुंबईला गेले. तेथे हिंदू संघात ते सोबत्यांबरोबर जेवू लागले. 1906 साली या संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरवले. त्या संघात बाळूंबरोबर त्यांचे धाकटे भाऊ शिवरामही होते. 1911 साली बाळू भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेले आणि त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. 1912 पासून मुस्लिम संघही स्पर्धेत आला. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम अशा चार संघांच्या या सामन्यांना चौरंगी सामने म्हणत.

एवढे असूनही हिंदू संघाचे कप्तानपद बाळूंना कधी मिळाले नाही. 1920 साली तर आधी त्यांना संघातूनच वगळले. कप्तानपदासाठी धाकटे बंधू विठ्ठल यांनाही डावलले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळायला नकार दिला. लोकांतही नाराजी पसरली. अखेर अंतिम सामन्यासाठी तिघांना बोलावले आणि बाळूंना उपकप्तान केले. त्या सामन्यात कप्तान पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले. तेवढा वेळ चव्वेचाळीस वर्षांच्या बाळूंनी संघ चालवला.

1923 साली विठ्ठल कप्तान झाले आणि हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. बाळूंनी तो दिवस पाहिला. 1955 साली मुंबईत त्यांचे निधन झाले.